नातीच्या तोंडी माझी बोली: याला नक्कल म्हणायचं का?

राजारामपुरीची_आजी

नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. आमचा आठ बायकांचा वाचनगट आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्या घरी बसतो, चहा होतो, भडंग होतं, आणि एका पुस्तकावर दोन-अडीच तास बोलणं होतं. यंदा परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलांवरच्या कादंबऱ्या घ्यायच्या असं ठरलंय. सुरुवात कुठल्या पुस्तकानं करायची ते माझ्यावर सोपवलंय, आणि गेल्या दोन महिन्यांत घरात असं काही घडलं की मला ठरवताच येईना. म्हणून इथे विचारतेय. जरा लांबण लागेल.

माझी लेक न्यू जर्सीत एडिसनला असते. नात सोळा वर्षांची, तिथेच जन्मलेली. ती अडीच-तीन वर्षांची होती तेव्हापासून त्यांची सकाळ म्हणजे आमचा संध्याकाळचा चहा, त्या वेळी व्हिडिओवर मी तिच्याशी बोलत बसते. आईवडील दोघं कामाला निघायच्या गडबडीत, ही दुधाचा कप घेऊन माझ्यासमोर. तिचं मराठी म्हणजे त्या अर्ध्या तासाची शिल्लक.

बाहेरच्यांसाठी सांगते. कोल्हापुरात बाईसुद्धा 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' असंच म्हणते. त्यात पुरुषीपणा काही नाही, बोलीच तशी आहे. लिहिताना माझ्या हातून 'आले-गेले' येतं कारण पुस्तकातलं मराठी तसं आहे. तोंडात मात्र 'आलो'च. नातीनं तेच उचललं. "आजी थांब, मी जेवायलोय," असं ती फोनवर म्हणाली की शेजारच्या काकी म्हणायच्या, "ही कुठली अमेरिकेची, ही तर शिवाजी पेठेतली पोरगी!"

जूनच्या शेवटी तिची शाळा सुटली आणि ती आईबरोबर आली. जुलैत जावयांच्या नात्यात पुण्याला बारसं होतं. पंगत उठल्यावर एका बाईंनी मायेनं विचारलं, "जेवलीस का गं नीट?" ही म्हणाली, "हो, मी पोटभर जेवलो." चार-पाच जणी एकदम हसल्या. एकजण म्हणाली, "अगं 'जेवले' म्हणायचं. मुलगी ना तू?" आणि लगेच दुसरी तिची बाजू घ्यायला म्हणून म्हणाली, "असू दे गं, तिकडे वाढलीये. एवढं बोलते हेच खूप."

मला हसण्याचं तितकं लागलं नाही. ते 'तिकडे वाढलीये' लागलं. त्या पोरीच्या तोंडी जे सगळ्यांत कोल्हापुरी होतं, तेच अमेरिकेच्या खाती मांडलं गेलं. माझी लेक शेजारीच होती, ती काही बोलली नाही. गाडीत नातीनं मला विचारलं, "आजी, मी चुकीचं बोलतो का?" मी नाही म्हटलं. पण पुढचे आठ-दहा दिवस ती माझ्याशी इंग्रजीतच बोलत राहिली.

आता दुसरी गोष्ट, आणि हिच्यासाठीच खरं तर लिहायला बसले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली रात्र. पाऊस लागला होता. झोपायच्या आधी तिला हळद घातलेलं दूध द्यायला वर गेले तर दार अर्धं उघडं. ती तिकडच्या मैत्रिणींशी व्हिडिओवर बोलत होती. आणि ती मी झाली होती. मान डावी-उजवीकडे, हाताची बोटं जुळवून घास भरवल्यासारखी, आणि आवाज: "व्हाट इज धिस, यू आर नॉट ईटिंग एनीथिंग, व्हेरी थिन यू आर!" पलीकडच्या पोरी खिदळत होत्या. तिनं वळून बघितलं. माझ्या हातात कप. त्यावर साय धरायला लागली होती एवढं मला आठवतंय. मी कप टेबलावर ठेवला आणि खाली आले. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

सकाळी ती न बोलावता स्वयंपाकघरात आली, पाटावर बसली आणि भडंगासाठी काढून ठेवलेला लसूण सोलायला लागली. तासभर सोलत होती. मला हवा होता त्याच्या तिप्पट लसूण झाला. त्या दिवशी आमचं बोलणं झालं ते एवढंच. आठवड्यानं त्या दोघी परत गेल्या.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. एकाच तोंडानं तिनं मला दोनदा घेतलं. एकदा न कळत, बोली म्हणून, आणि लोकांनी ते चूक ठरवलं. एकदा ठरवून, सोंग म्हणून, आणि त्याला दाद मिळाली. स्थलांतरितांच्या कादंबऱ्यांवर जे लिहिलं जातं त्यात नक्कल म्हणजे नेहमी गोऱ्यांची: नाव बदलणं, उच्चार बदलणं, डब्यातली भाजी लपवणं. पण ही मुलं आपलीही नक्कल करतात. आपल्या माणसांची, आपल्याच घरातली. त्याबद्दल कुणी नीट लिहिलंय का? आणि त्याला मराठीत म्हणायचं काय? नक्कल, अनुकरण, सोंग, वळण, असे किती शब्द आपल्याकडे आहेत. 'आजीच्या वळणावर गेली' असं आपण कौतुकानं म्हणतो. मग हे वळण कुठे संपतं आणि नक्कल कुठे सुरू होते?

पुस्तक सुचवा. आणि ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत त्यांनी जरा मोकळेपणानं लिहा.

गडहिंग्लजकर

मॅडम, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी इंग्रजी साहित्यात पीएचडी करतोय, विषय याच्या जवळचाच आहे, म्हणून थोडं लिहितो.

तुम्हाला हवं ते पुस्तक हनिफ कुरेशीचं 'द बुद्धा ऑफ सबर्बिया', १९९०चं. नायक करीम आमिर. वडील मुंबईहून आलेले, आई इंग्रज, वाढला लंडनच्या उपनगरात. पहिल्याच वाक्यात तो स्वतःला जन्मानं आणि वाढीनं इंग्रज म्हणवतो आणि शेवटी 'जवळजवळ' असा शब्द जोडतो. त्याला नाटकात पहिलं काम मिळतं ते मोगलीचं. दिग्दर्शक गोरा आहे. त्याला करीम पुरेसा काळा वाटत नाही, म्हणून अंगाला तपकिरी रंग फासायला लावतो. त्याचा उच्चार पुरेसा भारतीय वाटत नाही, म्हणून तोही शिकून घ्यायला लावतो. ज्या पोरानं भारत बघितलेला नाही त्याला भारतीय दिसायचं काम, आणि तेही गोऱ्या माणसाच्या मनातल्या भारताबरहुकूम. करीम करतो. मधूनच प्रयोगात तो उच्चार सोडून अस्सल लंडनच्या बोलीत घसरतो आणि प्रेक्षक हसतात. बघायला आलेल्या वडिलांना ते आवडत नाही. जमिला नावाची त्याची मैत्रीण, लहानपणापासूनची, ती तर तोंडावर सांगते की हे किळसवाणं होतं.

पण तुमच्या प्रश्नाचा गाभा पुढे आहे. दुसऱ्या एका नाट्यसंस्थेत प्रत्येकानं ओळखीच्या माणसावरून पात्र उभं करायचं असतं. करीम चंगेझला निवडतो. चंगेझ म्हणजे भारतातून जमिलाशी लग्न लावून आणलेला, थोराड, भोळा, मनानं चांगला माणूस. 'तुला घेणार नाही' असं करीमनं त्याला वचन दिलेलं असतं. तरी घेतो. नाटक गाजतं. चंगेझ प्रयोग बघतो आणि करीमला सांगतो की बरं झालं, तू माझं पात्र करायच्या फंदात पडला नाहीस, स्वतःवरच बेतलंस.

मॅडम, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. ज्याची नक्कल केली त्याला वाटलं की हा पोरगा स्वतःचंच दाखवतोय. आणि त्याचं चुकलंय असं मला अजूनही म्हणवत नाही.

होमी भाभांचं (अणुशास्त्रज्ञ नव्हे, साहित्य-संस्कृतीचे अभ्यासक) नाव तुम्हाला माहीतच असेल. त्यांचा नकलेवरचा लेख १९८४चा, पुढे १९९४ साली 'द लोकेशन ऑफ कल्चर'मध्ये आला. आमच्याकडे परदेशस्थांवरच्या प्रत्येक प्रबंधात तो डकवला जातो, पण तो मुळात वसाहतीबद्दल आहे. मेकॉलेच्या १८३५च्या टिपणात रक्तानं-रंगानं हिंदी आणि आवडीनिवडीनं इंग्रज असा वर्ग घडवायची जी भाषा आहे, तिचा भाभा आधार घेतात. राज्यकर्त्याला आपल्यासारखा माणूस हवा असतो, पण पुरता आपल्यासारखा नको असतो. पुरता तसा झाला तर राज्य कुणावर करायचं? म्हणून ती थोडी फट राखली जाते, आणि त्याच फटीची राज्यकर्त्याला धास्तीही वाटत राहते. यातून मी माझ्यापुरतं एक घेतलं: नक्कल कुठली आणि अस्सल कुठलं हे बोलणारा ठरवत नाही, ऐकणारा ठरवतो. बारशाच्या त्या पंगतीत तेच झालं.

आणि हे समजायला एडिसनला जायला नको. मी पुण्यात शिकायला गेलो तेव्हा माझा 'ण' निघायचा नाही, सगळीकडे 'न'. 'पानी' म्हणायचो. ते सुटावं म्हणून इतका जपायला लागलो की एकदा वर्गात 'मन'ला 'मण' म्हणून बसलो. फ्रान्त्झ फॅननच्या १९५२च्या 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स'मध्ये मार्टिनिक या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटावरचा एक माणूस आहे. त्यांचे लोक 'र' खातात असं फ्रान्समध्ये म्हणतात, म्हणून हा 'र' घोटून-घोटून तयार होऊन येतो. ल हाव्रच्या कॅफेत वेटरला हाक मारताना दणकून 'र' लावतो आणि पुढच्याच शब्दांत, पेलाभर बिअर मागताना, तो 'र' निसटून जातो. तो परिच्छेद वाचताना मला आमचा वर्ग, तो बाक, सगळं दिसलं.

एक सांगून ठेवतो, कुरेशीच्या पुस्तकात शरीरसंबंधांची वर्णनं बरीच आणि उघड आहेत. गटात आधी कल्पना द्या.

मंगळवारपेठ_ते_रेडिंग

काकू, मी मूळची मंगळवार पेठेतली, गेली १९ वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला. मुलगा चौदा वर्षांचा.

मला तुमच्या नातीपेक्षा तुमच्या लेकीबद्दल बोलायचंय. 'माझी लेक शेजारीच होती, ती काही बोलली नाही' असं एक वाक्य लिहून तुम्ही पुढे गेलात. मी त्या वाक्यापाशी अडकले. ती कोल्हापूरचीच ना? म्हणजे तीही कधीतरी 'आलो-जेवलो' म्हणत असणार. मग तिचं 'आले' कधी झालं? माझं सांगते. पुण्यात होस्टेलवर पहिल्या महिन्यात. रूममेट माझं बोलणं दुसऱ्या खोलीत जाऊन करून दाखवायची. दिवाळीला घरी आले आणि आईला म्हणाले, "मी दमले." आई माझ्याकडे बघतच राहिली. काही बोलली नाही. मला वाटतं तिला आपल्या दारात परकी मुलगी उभी असल्यासारखं झालं असेल. बारशात तुमची लेक गप्प बसली कारण तिला ते हसणं ओळखीचं होतं. आपण त्या हसण्यातून सुटलो आणि पोरगी सापडली, असं तिला वाटलं असेल. यात तिला दोष देऊ नका.

नक्कल करण्यात आम्ही पहिल्या पिढीचे लोक मुलांच्या कितीतरी पुढे असतो. माझा मुलगा म्हणतो, "आई, तुझा फोनचा आवाज लागला." बँकेशी बोलायचा एक आवाज, शाळेतल्या बाईंशी बोलायचा एक, तुमच्याशी बोलायचा तिसरा. तो हे सगळे आवाज ऐकत वाढलाय. मग त्यातला एखादा त्यानं जेवणाच्या टेबलावर काढून दाखवला तर ती कला तो माझ्याकडूनच शिकलाय. वरच्या दादांनी करीमच्या वडिलांबद्दल थोडकंच लिहिलंय. ते आयुष्यभर भारतीय उच्चार घालवायच्या खटपटीत असतात आणि उपनगरातल्या गोऱ्यांचे योगगुरू झाल्यावर तोच उच्चार मुद्दाम ठासून काढतात! बापाचं हे बघितलेल्या पोराला मोगलीचा उच्चार जड कसा जाईल?

पुस्तक म्हणाल तर झुंपा लाहिरींचं 'द नेमसेक', २००३चं. सगळे ते गोगोलचं म्हणून वाचतात: नाव आवडत नाही, अठराव्या वर्षी निखिल करून घेतो, गोऱ्या मैत्रिणीच्या घरी त्यांच्यासारखं जगायला शिकतो. तुमच्या गटानं ते त्याच्या आईचं, आशिमाचं म्हणून वाचावं. १९६८ साल, अमेरिकेत केंब्रिजचं लहानसं घर, दिवस भरत आलेली बाई स्वयंपाकघरात उभी आहे. न्याहारीचे तांदळाचे कुरमुरीत दाणे, खारे शेंगदाणे, चिरलेला लाल कांदा. त्यात मीठ, लिंबू, मिरची. कोलकात्याच्या रस्त्यावर मिळतं तसं काही करू बघतेय आणि मोहरीच्या तेलावाचून ते होत नाहीये. काकू, तुम्हाला यात भडंग दिसेल. मला दिसलं. माझ्याकडे आई दर वर्षी डंकावर कुटून आणलेली चटणी पाठवते, तीन पिशव्यांत गुंडाळून, तरी कपड्यांना वास येतोच. चटणी घरची असते, पण इथले कुरमुरे तसे नाहीत. मुलगा मात्र त्यालाच भडंग म्हणतो. त्याच्यासाठी ते नकली नाहीच. त्याच्या आईनं केलेलं भडंग तेच.

त्याच पुस्तकात गोगोल आणि बहीण कोलकात्याला जातात तेव्हा त्यांच्या इंग्रजीची नातेवाइकांना गंमत वाटते. दोघं आपसात बोलले की मंडळी माना हलवून म्हणतात, एक अक्षर कळलं नाही. पाव पान असेल-नसेल. पण ही मुलं दोन्हीकडे हसण्याचा विषय असतात हे तुमच्या पोस्टनंतर मला नव्यानं कळलं.

निपाणीहून

ताई, थोडक्यात लिहितो. कन्नडमध्ये 'नानू बंदे' म्हणजे 'मी आलो' आणि 'मी आले', दोन्ही. प्रथमपुरुषी क्रियापदात बाई-पुरुष भेद नाही. आमच्या भागात कोल्हापुरी बाईच्या 'आलो'चं मूळ जुनी माणसं या शेजारातच सांगतात, आणि दोन्ही भाषांत वाढलेल्या मला ते पटतं. म्हणजे बघा, एडिसनच्या मुलीच्या तोंडात आजीचं कोल्हापूर आहे, आणि आजीच्या कोल्हापुरात कन्नड. आमच्या बाजाराच्या गावांत हे रोज चालतं, भाव एका भाषेत, घासाघीस दुसऱ्या. अस्सल काय याचा पत्ता शोधत निघालात तर घाट उतरूनही हाती लागणार नाही. नातीला हे जरूर सांगा. तिला आवडेल.

मिसिसागाचा_मुलगा

नमस्कार आजी. मी २६ वर्षांचा आहे. कॅनडात जन्मलो. मराठी रविवारच्या शाळेत शिकलो, टिंबांवरून अक्षरं गिरवून. 'ळ' मला अजून नीट काढता येत नाही. चुका होतील.

मीही उच्चार करायचो. शाळेत, सातवी-आठवीत. का ते सांगतो. ती मुलं तो उच्चार करणारच होती. मी आधी केला की त्यांची मजा जायची. आणि मी चांगला करायचो. माझ्याकडे खरा माणूस होता ना, टीव्हीवरचा नाही. माझे आजोबा इचलकरंजीचे होते. आयुष्यभर यंत्रमागाच्या आवाजात काम केलेलं, म्हणून फोनवरसुद्धा ओरडून बोलायचे. मी त्यांचं "हॅलोऽऽ, कोण बोलतंय? आवाज येतोय न्हवं?" करायचो. मुलं पडून हसायची. 'आवाज येतोय' म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं.

झेडी स्मिथच्या 'व्हाइट टीथ'मध्ये, ते २००० सालचं आहे, मजीद नावाचा मुलगा आहे. वय नऊ. त्याचे बुद्धिबळाचे मित्र घरी येतात आणि दारात मार्क स्मिथला विचारतात. आई-वडिलांना कळत नाही हा मार्क कोण. मी ते वाचून हसलो नाही. मजीदला बांगलादेशात पाठवतात, नीट बंगाली व्हावा म्हणून, आणि तो पक्का इंग्रज होऊन येतो. लंडनमध्ये राहिलेला जुळा भाऊ कट्टर गटात जातो. मला ते थोडं जास्त जुळवलेलं वाटलं. खरं इतकं उलटसुलट होत नाही. पण दारातला तो प्रसंग खरा आहे.

माझे आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले. आम्ही शोधलं तर त्यांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग निघालं नाही. फोटो खूप. आवाज नाही. मग माझ्या चुलत बहिणीकडे जुना व्हिडिओ मिळाला, मी तेरा वर्षांचा, त्यांची नक्कल करतोय. आता दिवाळीला बाबा मला म्हणतात, "कर रे एकदा." मी "हॅलोऽऽ" म्हणतो. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहतात.

मी तो आवाज चिडवायलाच शिकलो होतो. हे मला लपवायचं नाही. पण आता तो फक्त माझ्याकडे आहे.

तुमची नात लसूण सोलत बसली ना, ती सॉरी म्हणत होती. आम्हाला सॉरी मराठीत म्हणता येत नाही. 'माफ कर' पुस्तकातलं वाटतं. तिला एकदा विचारा की ती मैत्रिणींना काय दाखवत होती. चिडून नको. खरंच विचारा.

राजारामपुरीची_आजी

पाच आठवड्यांनी लिहितो. आणि आज घरात बोलतो तसंच लिहितो. इतकं सगळं झाल्यावर 'लिहिते' म्हणवेना.

'द बुद्धा ऑफ सबर्बिया' घेतलं. वर्णनांबद्दल आधी सांगून ठेवलं होतं. दोघींनी ती पानं उलटली, एकीनं पुस्तकच अर्धं सोडलं, बाकीच्या पाचजणींनी पुरं वाचलं. मोगलीवर सगळ्या भरभरून बोलल्या. पण चंगेझवर आलो आणि खोली शांत झाली. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या ताई, वय ७८, दोन मुलगे ऑस्ट्रेलियात, त्या म्हणाल्या, "त्यानं ओळखलं असणार. पोराला अवघडायला नको म्हणून तसं म्हणाला असंल." मी हे असं कधी वाचलंच नव्हतं. ३१ वर्षं वर्गात पुस्तकं फोडून दाखवली, आणि हे मला सुचलं नाही. गडहिंग्लजकर, तुम्हाला काय वाटतं? मजकुरात त्याला आधार आहे का ते मी परत एकदा बघणार आहे.

रेडिंगच्या पोरी, तुझं लेकीबद्दलचं खरं निघालं. ती १९९८ला पुण्याला गेली आणि दिवाळीला 'आले' घेऊन परत आली. मी तेव्हा बघितलं होतं. तुझ्या आईसारखाच गप्प बसलो. शिकतीया, सुधारतीया, असं मनाला सांगितलं असंल. हा धागा तिला पाठवला. वाचला म्हणाली. त्यावर अजून काही बोललेली नाही, आणि मी खोदून विचारणार नाही.

मिसिसागाच्या बाळा, तू सांगितलंस तसं विचारलं. रविवारी, तिची सकाळ. म्हटलं, "त्या रात्री पोरींना काय दाखवत होतास गं?" ती बराच वेळ कपाकडे बघत बसली. मग इंग्रजीत म्हणाली की मैत्रिणी विचारत होत्या तुझी आजी कशी आहे, आणि मी सांगायला लागलो तर मला सांगताच येईना, म्हणून करून दाखवलं. आणि मग त्या हसल्या, आणि मग मी आणखी केलं. हे शेवटचं तिनं फार हळू सांगितलं.

मी म्हटलं, "पण ती मी नव्हतोच की. 'व्हेरी थिन यू आर' असं मी कधी म्हणतो? व्याकरण शिकवलंय मी लोकांना. ते तू टीव्हीवरचं केलंस." तिला हे पटलं. निपाणीच्या भाऊंचं 'नानू बंदे'ही सांगितलं. तिनं ते तीन-चारदा म्हणून बघितलं, उच्चार माझ्यापेक्षा बरा केला.

मग म्हणाली, "आजी, खरी तू करून दाखवू?" मी म्हटलं, दाखव. तिनं कप खाली ठेवला, चष्मा नाही तरी नाकावर सारल्यासारखा केला, आणि मान न हलवता, नुसत्या आवाजात म्हणाली, "अगं ए, दूध उतू चाललंय बघ, गॅस बारीक कर की!"

मी उठून गॅसकडं गेलो.

पुढच्या शनिवारच्या बैठकीला 'द नेमसेक' आहे, आशिमाच्या बाजूनं. त्यानंतर 'व्हाइट टीथ' घ्यायचंय, त्याची एकच प्रत हाती लागलीय. कोल्हापुरात कुणाकडं असंल तर कळवा, वाचून परत देतो.